पलीकडची वाडी

एका नदीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावे होती. उगवतीच्या काठावर तिवरणे बुद्रुक आणि मावळतीच्या काठावर तिवरणे खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. पण बोलताना हे शेपूट कोणीच लावत नसे. दोन्ही गावांतली माणसे आपल्या गावाला नुसते ‘तिवरणे’ म्हणत आणि समोरच्या गावाला ‘पलीकडचे’. ‘पलीकडच्यांची गाय शिरली’, ‘पलीकडच्यांकडे लग्न आहे’, असे दोन्ही काठांवर सारखेच ऐकू येई.

काळ बदलला. खुर्दला हायस्कूल आले, दवाखाना आला, डांबरी रस्ता आला. वस्तीही बुद्रुकपेक्षा वाढली. नाव मात्र खुर्दच राहिले. खुर्दच्या सरपंच विमलअक्का यांना हे फार बोचत असे. तालुक्याच्या एका बैठकीत त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या, तेव्हा बुद्रुकचे सरपंच दौलतराव सगळ्यांदेखत म्हणाले, “अक्का, ती थोरल्यांची जागा. धाकट्यांनी मागं बसावं.” सगळे हसले. अक्काही हसल्या.

पण दुसऱ्याच दिवशी त्या थेट हायस्कुलात गेल्या. तिथे उर्मिलाबाई मराठी शिकवीत आणि ग्रंथालयही सांभाळीत. ग्रंथालय म्हणजे व्हरांड्यात एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या. एखादे पुस्तक हवे असले की वरच्या सगळ्या पेट्या उतरवाव्या लागत, आणि हवे ते पुस्तक बहुधा तळच्या पेटीत असे. मुलांनी हळूहळू पुस्तके मागणेच सोडले होते. एक खोली मिळावी म्हणून बाईंनी किती वर्षे विनवण्या केल्या होत्या, ते त्यांनाही आता आठवत नसे.

अक्का म्हणाल्या, “बाई, नववीच्या पोरांना यंदा प्रकल्प करायचाय ना? मग हा घ्या. आपलं गाव मूळचं मोठं होतं, हे पुस्तकातनं सिद्ध करून द्या. ग्रामसभेत ठराव करू आणि नावातलं खुर्द काढून टाकू. पंचायतीची नवी खोली रिकामी आहे. पुरावा आणा, खोली तुमच्या पुस्तकांना. नाहीतर ती रेशन दुकानाला द्यायचं जवळजवळ ठरलंय.”

बाईंनी मान डोलावली. नाही म्हणायला त्यांना जमले नाही.

प्रकल्पासाठी तीन मुले पुढे आली. कस्तुरीचे घर नदीच्या घाटालगत होते आणि तिचा हात चित्रकलेत चांगला होता. जुबेर भराभर वाचत असे. दिगंबर पेट्या उचलायला चांगला होता आणि त्याचे तोंड कधी थांबत नसे.

“काय शोधणार?” बाईंनी विचारले.

“आपलं गाव मोठं होतं, याचा पुरावा,” जुबेर म्हणाला.

“हे तर उत्तर झालं. तुमचा प्रश्न काय?”

“प्रश्न कशाला, बाई?” दिगंबर म्हणाला. “अक्कांनी उत्तर आधीच दिलंय की! आपण फक्त पान नंबर घालायचा.”

बाईंना हसू आले. मग त्या म्हणाल्या, “पुस्तकापुढं जाऊन ‘हो म्हण’ असं म्हणायचं नसतं रे. ते बिचारं भांडत नाही. आपल्या सोयीचं तेवढं उचललं, तरी ते गप्पच राहतं. म्हणून आपणच जपायचं. आता सांगा, तुम्हाला जाणून काय घ्यायचंय?”

कस्तुरी थोडा विचार करून म्हणाली, “फार पूर्वी तिवरणे कसं होतं?”

“हा झाला प्रश्न,” बाई म्हणाल्या. “याचं काहीही उत्तर येऊ शकतं. म्हणूनच तो प्रश्न.”

मग त्यांनी मुलांना शोधायचे कसे ते दाखवले. पुस्तकाच्या शेवटची सूची कशी पाहायची, गावाचे नाव सापडले नाही तर नदीचे, बाजाराचे, रस्त्याचे नाव कसे धुंडाळायचे, हे शिकवले. जे उतरवून घ्याल त्याखाली पुस्तकाचे नाव आणि पान लिहा, असे बजावले. आणि उतरवण्याआधी मागचे एक आणि पुढचे एक पान वाचाच, असेही सांगितले.

मुले पेट्या उपसू लागली. व्हरांड्यात धूळ उडाली. तिवरणे हे नाव कुठल्याच सूचीत मिळेना. दिगंबर म्हणाला, “आपलं गाव लहान होतं की मोठं ते राहू द्या, गाव होतं का तेवढं आधी बघा.” मग जुबेरने नदीचे नाव शोधले, आणि एका जुन्या, पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकात ते मिळाले. कोणी एक मास्तर पायी फिरत त्या मुलखात आले होते आणि त्यांनी वाटेतल्या गावांचे वर्णन लिहून ठेवले होते. जुबेर मोठ्याने वाचू लागला.

“‘तिवरणे हे थोर गाव. दगडी पेठ आहे. आठवड्याचा बाजार मोठा भरतो. नदीपलीकडे एक लहान वाडी आहे. घरे वीसेक असावीत. सायंकाळी तिवरण्याच्या घाटावर बसलो असता समोर वाडीमागे सूर्य बुडताना पाहिला.’”

“पलीकडचे म्हणजे वाडी!” दिगंबर ओरडला. “वीसेक घरं! आणि आपल्याला म्हणे मागं बसा!” तो पेटीवर चढून नाचू लागला. पेटीचे झाकण खाली दबले तरी त्याला भान नव्हते.

कस्तुरीने तेवढे उतरवून घेतले. दिगंबरने पुस्तक मिटले.

बाई तासावरून आल्या. त्यांनी उतरवलेला मजकूर वाचला, खाली लिहिलेले पान पाहिले. मग त्यांची नजर पेट्यांवरून फिरली. त्या दिवशी त्यांनी मागचे-पुढचे पान वाचले का, हे मुलांना विचारले नाही. का विचारले नाही, ते त्यांनाच ठाऊक.

बातमी गावभर पसरली. अक्कांनी पेढे वाटले. ‘आम्हीच मूळ तिवरणे’ असा फलक वेशीवर झळकला. अक्कांनी ते पुस्तक शाळेतून नेले, लाल कापडात गुंडाळले आणि स्वतःच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवले. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दौलतरावांना आणि पलीकडच्या पंचायतीला त्यांनी ग्रामसभेचे खास निमंत्रण धाडले. “पुढच्या रांगेत बसवा त्यांना,” त्या म्हणाल्या. “ऐकू नीट गेलं पाहिजे.”

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी कस्तुरी प्रकल्पाच्या तक्त्यावर चित्र रंगवत होती. घाट काढला, नदी काढली, पलीकडची वाडी काढली आणि वाडीमागे लालभडक बुडता सूर्य.

दिगंबर डोकावून म्हणाला, “ए कस्तुरे, तुला एवढंही कळत नाही? पलीकडं सूर्य उगवतो. बुडतो तो आपल्या मागं, माळावर. रोज घाटावर राहतेस आणि सूर्य चुकीच्या जागी काढतेस!”

“मी मनानं नाही काढला,” कस्तुरी चिडून म्हणाली. “पुस्तकात आहे तसा काढलाय. हे उतरवलेलं बघ. घाटावर बसलो असता समोर, वाडीमागे, सूर्य बुडताना…”

ती मध्येच थांबली. हातातला कुंचला तसाच राहिला. तिच्या घराच्या अंगणात रोज सकाळी नदीवरून ऊन येई आणि डोळे दिपत. संध्याकाळी नदीवर सूर्य बुडताना तिने जन्मात पाहिला नव्हता. तो तसा दिसतो फक्त समोरच्या काठावरून.

“दिग्या,” ती हळू म्हणाली, “मास्तर आपल्या घाटावर बसलेच नव्हते. ते पलीकडं बसले होते.”

जुबेरच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. “म्हणजे थोर गाव ते. आणि वीस घरांची वाडी म्हणजे…”

तिघे बाईंकडे धावले.

बाईंनी ऐकले. तो मजकूर पुन्हा वाचला. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. समोर मंडप सजत होता. नव्या खोलीला तोरण लागले होते. मुलांनी पुस्तकांसाठी फळ्याही आणून ठेवल्या होत्या.

“बाई, कुणाला कळणार आहे?” दिगंबर म्हणाला. आवाज मात्र त्याचा नेहमीसारखा नव्हता. “सूर्य काय सभेत बोलायला येणार आहे?”

“आपण सांगितलं तर खोली जाईल,” जुबेर म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या. “जाईल.” त्यांनी तोरणावरची नजर मुलांकडे वळवली. मग म्हणाल्या, “चूक माझीही आहे. तुम्हाला मागचं-पुढचं पान विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, आणि मला ते त्या दिवशी नकोसं वाटलं. खोली डोळ्यांपुढं होती. आता मला सांगा, तुमचा प्रश्न काय होता?”

“फार पूर्वी तिवरणे कसं होतं?” कस्तुरी म्हणाली.

“मग त्याचं उत्तर मिळालंय. मिळालेलं उत्तर लपवलं तर तो प्रकल्प राहत नाही. नुसता फलक होतो. तू बोल, कस्तुरी. मी शेजारी उभी राहीन.”

अक्कांना आधी गाठून सांगावे म्हणून बाई मंडपात गेल्या. पण पाहुणे येऊन बसले होते, ढोल वाजत होता आणि अक्का दौलतरावांना चहा देण्यात रंगल्या होत्या. सभा सुरू झाली. अक्कांनी लाल कापड सोडले, पुस्तक उंच धरून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाल्या, “आता पोरं वाचतील. पलीकडच्या मंडळींनी कान देऊन ऐकावं.”

कस्तुरी उभी राहिली. तिने उतरवलेला मजकूर वाचला. खुर्दची माणसे टाळ्या वाजवू लागली, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, “थांबा! आमचं चुकलंय.”

टाळ्या थांबल्या.

तिने सूर्याची गोष्ट सांगितली. मास्तर कोणत्या काठावर बसले होते ते सांगितले. “म्हणून यातलं थोर गाव म्हणजे बुद्रुक. आणि पलीकडची वाडी म्हणजे आपण.”

पुढच्या रांगेत हशा उसळला. दौलतरावांनी मिशीवर हात फिरवला.

अक्कांचा चेहरा लाल झाला. त्या मुलीकडे वळल्या. “हे तू बोलली नसतीस, तर आम्हाला कळलं असतं का?”

“नाही, अक्का.”

“मग कशाला बोललीस?”

“आम्हाला कळलं होतं ना,” कस्तुरी म्हणाली.

दौलतरावांना आता जोर चढला. “पोरगी गुणाची आहे! अगं, पण अर्ध्यावर का थांबलीस? एवढा शहाणा माणूस आमच्या घाटावर बसून गेला, त्यानं आणखीही लिहिलं असेल. वाच, पुढं वाच. सगळ्यांना ऐकू दे.”

जुबेरने टेबलावरचे पुस्तक उचलले. “पुढचं आम्ही वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

“का बरं?” बाईंनी विचारले.

जुबेर ओशाळला. “पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत ‘पलीकडच्या वाडीविषयी’ असं होतं. दिग्या म्हणाला, पलीकडच्यांचं आपल्याला काय करायचंय. म्हणून मिटलं.”

“पण पलीकडचे म्हणजे…” दिगंबर म्हणाला आणि त्याने कपाळावर हात मारला. “अरे, पलीकडचे आपणच की!”

आता खुर्दची माणसेही हसली. जुबेरने पान उलटले आणि वाचू लागला.

“‘या पलीकडच्या वाडीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यात नदी फुगली की इकडचे थोर गाव दारे लावून बसते. अशा वेळी वाडीतील माणसे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पाण्यात उतरतात. बाजाराला आलेले वाटसरू, आजारी माणसे, अडलेल्या बाळंतिणी, सर्वांना त्या सांगडीवर बसवून पार नेतात. कोण, कुठला, हे विचारीत नाहीत. मोबदला घेत नाहीत. मी स्वतः असाच पार आलो. मोठे गाव कोणते म्हणावे, याचा घाटावर बसून मी पुष्कळ विचार केला.’”

जुबेरने पुस्तक खाली ठेवले. एवढेच होते. मास्तरांनी आपल्या विचाराचे उत्तर लिहून ठेवले नव्हते, आणि कोणी ते विचारलेही नाही.

पहिल्यांदा उठले ते दौलतराव. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हते. “आमच्या घरात एक बोलणं आहे,” ते म्हणाले. “माझी पणजी पाण्यावर जन्मली, असं म्हातारी माणसं सांगायची. आम्ही हसायचो. पाण्यावर कुणी जन्मतं का? आज वाटतं…” पणजी खरोखर त्या सांगडीवरच जन्मली होती की नाही, हे सांगायला पुरावा नाही. तेव्हा आपणही तसे म्हणू नये. पण दौलतरावांनी खुर्दच्या माणसांकडे वळून हात जोडले, हे मात्र सगळ्यांनी पाहिले. “अक्का,” ते म्हणाले, “तालुक्याला पुढची खुर्ची तुमची. मी मागं बसेन.”

“मागं कशाला? शेजारी बसा,” अक्का म्हणाल्या. “फक्त पाऊस आला की दारं लावून घेऊ नका म्हणजे झालं.”

सारा मंडप खदखदून हसला. दौलतरावही हसले. नाव बदलण्याचा ठराव अक्कांनी स्वतःच मागे घेतला. विरोधात एकही हात वर झाला नाही.

उर्मिलाबाई तक्ता गुंडाळू लागल्या. त्यांनी खोलीचे नाव काढले नाही. रेशन दुकानदार मात्र लगबगीने पुढे आला. “अक्का, म्हणजे खोली आता आमची ना? गाव मोठं होतं असा पुरावा काही मिळाला नाही.”

अक्कांनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली आणि कस्तुरीच्या हातावर ठेवली.

“मी मोठेपणाचा पुरावा मागितला होता,” त्या म्हणाल्या. “तो मिळाला.”

मग ढोल पुन्हा वाजू लागला. अख्खी सभा उठून व्हरांड्याकडे निघाली. पत्र्याच्या पेट्या एकामागून एक उचलल्या गेल्या. तळच्या जड पेटीला एका बाजूने दिगंबरने हात घातला, दुसऱ्या बाजूने दौलतरावांनी. “सांभाळून,” दिगंबर म्हणाला, “थोरल्यांच्या कमरेत उसण भरायची.” पेट्या उघडल्या, फळ्यांवर पुस्तके लागली. कित्येक वर्षांत ज्यांना ऊन मिळाले नव्हते ती पुस्तके खिडकीत उन्हाला ठेवली गेली. उर्मिलाबाई दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. मग पदर खोचून त्याही पुस्तके लावू लागल्या.

पुढच्या आठवड्यात वेशीवर नवी पाटी रंगवायला पेंटर आला. त्याने ‘तिवरणे’ ठळक रंगवले आणि विचारले, “अक्का, खुर्द नेहमीसारखंच ना? कोपऱ्यात, बारीक अक्षरांत?”

“छे!” अक्का म्हणाल्या. “खुर्द मोठ्या अक्षरांत काढ. पलीकडच्या घाटावरनं वाचता आलं पाहिजे.”

तात्पर्य: जो पुस्तकाकडे प्रश्न घेऊन जातो आणि निघेल ते उत्तर न लपवता सांगतो, त्यालाच खरे ज्ञान मिळते, आधीच ठरवलेले उत्तर घेऊन जाणाऱ्याच्या हाती फक्त अर्धे पान येते.